यादीत शिंदे कुठे आहेत?

गेल्या चाळीस वर्षांतला मराठी लोकप्रिय संगीतातला सर्वांत मोठा कलावंत कोण, या वादात दोन पक्ष ठरलेले असतात. एक अजय-अतुल यांचा. त्यांच्याकडे ‘सैराट’चे आकडे असतात, ‘जोगवा’चा राष्ट्रीय पुरस्कार असतो, लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद असतो. दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळं मान्य, पण बाबूजी, यशवंत देव, हृदयनाथ यांच्या ओळीत बसवावं असं नंतर कुणी झालंच नाही. फार तर सलील कुलकर्णी-संदीप खरे. मधेच कुणी अवधूत गुप्ते पुढे करतो, कुणी वैशाली सामंत. तासाभराने सगळे दमतात आणि ‘आपापली आवड’ म्हणून उठतात. या तासाभरात एक आडनाव बहुधा कुणाच्याच तोंडी येत नाही. शिंदे.

माझं म्हणणं मी आधीच मांडून टाकतो. प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुलं आनंद व मिलिंद, या घराइतकं मोठं काम या चार दशकांत मराठी लोकप्रिय संगीतात दुसऱ्या कुणाचं नाही. ‘लोकसंगीत’ असा वेगळा कप्पा करून त्यात त्यांना मानाने बसवण्याची सोयही मला नको आहे. मी पहिल्या क्रमांकाबद्दल बोलतोय. अजय-अतुल माझ्या यादीत दुसरे आहेत.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांना एकच विचारायचं आहे: तुमचा क्रम तुम्ही कशावर लावलात? बहुतेकांचं उत्तर तीन गोष्टींत संपतं. किती कोटी वेळा पाहिलं गेलं, कुठला पुरस्कार मिळाला आणि कुठल्या चित्रपटात होतं. यातली पहिली मोजपट्टी तर फारच तरुण आहे. ‘सैराट’ एप्रिल 2016 मध्ये आला, जिओ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. त्यानंतर मराठी गाण्यांचे जे आकडे फुगले, त्यात गाण्याचा वाटा किती आणि स्वस्त डेटाचा किती? 1988 साली गणपतीच्या मांडवावरच्या कर्ण्यातून जे गाणं अख्ख्या वाडीने दहा दिवस ऐकलं, त्याची नोंद शून्य. एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या टपरीने दिवसभर वाजवलेलं गाणंही शून्यच. ट्रकमध्ये, लग्नाच्या वऱ्हाडात, सत्यनारायणाच्या पूजेला, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत वाजलेलं सगळं शून्यात जमा. ज्या कलावंतांचं आयुष्य या शून्यांत गेलं, ते यादीत कुठून येणार?

मोजणी बदलली की मोठेपण कसं रातोरात बदलतं, याचा धडा अमेरिकेत एकदा फार स्वच्छपणे मिळाला आहे. तिथल्या ‘बिलबोर्ड’ मासिकाची अल्बमची यादी कित्येक वर्षं दुकानदारांना विचारून बनत असे. तुमच्याकडे काय खपतंय, असं विचारायचं. दुकानदार सांगेल ते लिहून घ्यायचं. मे 1991 मध्ये त्यांनी ही पद्धत सोडली आणि काउंटरवर प्रत्यक्ष किती नग विकले गेले, ते बारकोडवरून मोजायला सुरुवात केली. महिनाभरात लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतला एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट यादीच्या शेंड्यावर जाऊन बसला. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. मे महिन्यात अमेरिकेची आवड बदलली होती का? काळे तरुण आणि खेड्यातले गोरे आधीही तीच गाणी विकत घेत होते. दुकानदाराला फोनवर ते सांगावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

मराठीत ती बारकोडची सकाळ कधी उजाडलीच नाही.

आपल्याकडचा इतिहास याहून जुना आहे आणि त्यात एक मराठी माणूसच नायक आहे, किंवा खलनायक म्हणा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. हेतू वाईट नव्हता. देशाच्या कानाला चांगलं वळण लावायचं होतं, शास्त्रीय संगीत घरोघर न्यायचं होतं. कानांनी मात्र वळण घेतलं नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षाच्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजात गाण्यांची क्रमवारी ऐकण्याची सवय या देशाला लागली. 1957 मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांवर आज सगळे हसतात. पण जी चित्रपटगीतं त्यांना हीन वाटत होती, तीच आज ‘सुवर्णयुग’ म्हणून मिरवणारे लोक कॅसेटच्या गाण्यांबद्दल अक्षरशः केसकरांचीच वाक्यं बोलतात. त्याचं हसू कुणाला येत नाही.

आकाशवाणीने मराठीला दिलेलं देणं मी नाकारत नाही. 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्यामागून आठवडा गीतरामायण प्रसारित झालं. छप्पन्न गीतं, एक कवी, एक संगीतकार. सरकारी माध्यमाने एवढ्या उंचीचं काम करून घेतल्याची उदाहरणं कमीच सापडतील. पण त्याच माध्यमाने चांगल्या मराठी गाण्याचा एक साचाही घडवला: कवीचे शब्द, स्वच्छ उच्चार, मऊ लागणारा आवाज, मोजका वाद्यमेळ. या साच्यातून उत्तम गाणी निघाली. पुढे मात्र साच्यात बसतं ते गाणं आणि बसत नाही तो गोंगाट, अशी समजूत होऊन बसली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज या साच्यात बसणारा नव्हता. तो कव्वालीच्या मंचावर तयार झालेला, खडा, वरच्या पट्टीत लावलेला, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज होता. असा आवाज दिवाणखान्यात ऐकला की कर्कश वाटतो, हे खरं. पण तो दिवाणखान्यासाठी लावलेलाच नव्हता.

मग कॅसेट आली. हा भाग नीट समजल्याशिवाय या घराचं मोठेपण कळत नाही. तोवर तबकडी काढायची तर ग्रामोफोन कंपनीचं दार ठोठवावं लागे. कारखाना तिचा, भांडवल तिचं, कुणाला गाऊ द्यायचं हा निर्णयही तिचा. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून आखातात गेलेली माणसं टू-इन-वन घेऊन परतू लागली आणि पुढच्या काही वर्षांत कॅसेट इतकी स्वस्त झाली, की लहानशा स्टुडिओत, लहानशा पैशांत, चारशे किलोमीटरच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांपुरतं गाणं काढणंही परवडू लागलं. प्रत्येक जिल्ह्याचा, प्रत्येक समाजाचा, प्रत्येक सणाचा आवाज एकदम बाजारात आला. कोळीगीतं, भीमगीतं, देवीची गाणी, जत्रेतल्या लावण्या. या लाटेवर अनेकजण आले आणि गेले. आनंद शिंदे मात्र तिच्यावर स्वार झाले. ऐंशीच्या दशकातलं त्यांचं पोपटाचं गाणं ऐकलं नाही असा त्या पिढीतला मराठी माणूस शोधून दाखवा. त्यामागे ना नट होता, ना सिनेमा, ना आकाशवाणी. नुसता आवाज, ढोलकी आणि पंधरा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची डबी.

वडिलांची गोष्ट याहून विलक्षण आहे. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, जन्म 1933 चा. मंगळवेढा म्हणजे चोखामेळ्याचं गाव. पंढरपूरच्या देवळाबाहेर ज्याची समाधी आहे, त्या चोख्याचं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते 1947 मध्ये. तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. ज्या समाजाला पायरीपलीकडे जाऊ दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या या मुलाने पुढे ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गायलं. आज आषाढीला ते लावल्याशिवाय वारीची कुठलीही चित्रफीत पूर्ण होत नाही. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. ही दोन नावंही किती जणांना ठाऊक आहेत? त्याच गळ्याने सत्यनारायणाची कथा गायली आणि ज्या घरांत त्या गळ्याच्या माणसाला चहा वेगळ्या कपात मिळाला असता, त्या घरांतही ती कॅसेट पूजेला लागली. त्याच गळ्याने आयुष्यभर भीमगीतंही गायली.

आंबेडकरी चळवळीतून यावर आक्षेप आला, आणि तो पोकळ नाही. 1956 च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा स्पष्ट आहेत. देवदेवतांना निरोप दिलेल्या समाजातल्या गायकाने सत्यनारायण का गावा? वामनदादा कर्डकांनी हयातभर एकच वाट धरली, तशी त्यांनी का धरली नाही? या प्रश्नाला ‘पोटासाठी’ हे उत्तर दिलं जातं. ते खरं असेल, पण अपुरं आहे. मला वाटतं, लोकप्रिय गायकाची जातच वेगळी असते. वामनदादा कवी होते. त्यांचा शब्द त्यांचाच राहायला हवा होता आणि त्यांनी तो राखला. गायकाकडे लोक आपापला प्रसंग घेऊन येतात, आणि ज्याच्याकडे जास्तीत जास्त प्रकारची माणसं आपला प्रसंग सोपवतात, तो त्या भाषेचा मोठा लोकप्रिय गायक. दोन्हीकडच्या कट्टर लोकांची प्रल्हाद शिंदेंबद्दल तक्रार होती आणि दोन्हीकडच्या घरांत त्यांची कॅसेट होती. गेल्या पन्नास वर्षांत मराठीत हे दुसऱ्या कुणाला जमलं?

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे त्याकडे येतो. अजय-अतुल हे संगीतकार म्हणून या सगळ्यांहून वरचे आहेत, यात मला तरी शंका नाही. हलगी, संबळ आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एका गाण्यात आणून दोघांपैकी कुणालाही पाहुणा वाटू न देणं, ही कारागिरी त्यांच्याआधी मराठीत या पातळीवर कुणी केली नव्हती. कॅसेटच्या गाण्यांमध्ये चाली उसन्या असत, वादन घाईचं असे, एका बैठकीत आठ गाणी उरकलेली कळत. एकेका गाण्याची रचना तपासायची तर सामना एकतर्फी होईल. मग पहिला क्रमांक त्यांना का नाही?

कारण ते जिथून उचलतात ती जमीन कुणीतरी ओलती ठेवली होती. नव्वदीतला मराठी चित्रपट आठवा. विनोदी पटांची चलती होती आणि गाणी बहुतेक हिंदीच्या वळणाची. ढोलकी-हलगीचा आवाज तेव्हा पडद्यावर कमी आणि रस्त्यावर जास्त होता. शाहीर साबळ्यांची लोकधारा मंचावर होती, विठ्ठल उमप होते, बँजो पार्ट्या होत्या आणि शिंद्यांच्या कॅसेटी होत्या. 2004 मध्ये ‘अगं बाई अरेच्चा’मधून अजय-अतुल आले तेव्हा या आवाजाला ओळखणारा, त्यावर पाय ठेका धरतील असा श्रोता लाखोंनी तयार होता. तो चित्रपटांनी घडवला नव्हता. 2013 च्या ‘दुनियादारी’त देवाच्या गाभाऱ्याचं गाणं गाजलं, ते प्रल्हाद शिंदेंचा नातू आदर्श याच्या गळ्यातून. म्हणजे सिनेमाला अखेर त्याच घराकडे जावं लागलं. पहिला क्रमांक नुसत्या कारागिरीला द्यायचा असेल तर जरूर वेगळी यादी करा. पण ‘लोकप्रिय संगीत’ अशी पाटी लावली असेल, तर श्रोता घडवण्याचे गुण त्यात धरावेच लागतील.

दुसरा आक्षेप चावटपणाचा. पोपटाचं गाणं, आणि त्याच्या मागोमाग आलेली शेकडो द्वयर्थी गाणी. खरं सांगायचं तर मलाही त्यातली बरीचशी आवडत नाहीत; काही तर निव्वळ ओंगळ आहेत, बाईकडे बघण्याची त्यांची नजर बिघडलेली आहे. पण या आरोपाखाली जो बाद होतो, तो एकटा आनंद शिंदेच का? पेशवाईतल्या राम जोशींच्या शृंगारिक लावण्या मराठीच्या अभ्यासक्रमात सन्मानाने शिकवल्या जातात आणि त्या काही कमी मोकळ्या नाहीत. पठ्ठे बापूरावांचंही तेच. स्वातंत्र्यानंतर लगेचच खेर सरकारने तमाशावर बंदी घातली होती, कारण तेच, अश्लीलता. मग सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. दादा कोंडक्यांचे संवाद आज आठवणी म्हणून कौतुकाने सांगितले जातात. म्हणजे चावटपणा दोनशे वर्षं जुना असला तर वाङ्मय, पन्नास वर्षं जुना असला तर गंमत, आणि कॅसेटवर असला तर अधःपतन? निकष लावायचा तर सगळ्यांना लावा. शिवाय त्या एका गाण्याने आनंद शिंदेंची भीमगीतं आणि भक्तिगीतं पुसून टाकायची असतील, तर इतर कुणाच्या बाबतीत आपण असं करतो का, तेही पाहा.

‘लोकप्रियता म्हणजे श्रेष्ठता नव्हे’ हे तिसरं. मान्य. पण हे वाक्य फार सोयीने वापरलं जातं. ‘झिंगाट’वर परदेशी माणसं नाचली की लोकप्रियता हा पुरावा असतो, आणि ट्रॅक्टरवर शिंदे वाजले की ती सवंगता ठरते. माझा निकष खपाचा नाहीच. कुणाच्याही शिफारशीशिवाय गाणं किती वर्षं टिकलं आणि किती वेगवेगळ्या प्रसंगांत लोकांनी ते स्वतःहून लावलं, असा आहे. पुरस्कारांना आणि मासिकांच्या याद्यांना याचं उत्तर देता येत नाही. ‘रोलिंग स्टोन’ने 2004 मध्ये सर्वश्रेष्ठ गाण्यांची यादी केली तेव्हा बॉब डिलन पहिले होते, 2021 मध्ये नव्याने मतं घेतली तेव्हा अरिथा फ्रँकलिन पहिल्या. गाणी दोन्ही 1965-67 मधलीच. मत देणारे बदलले होते.

आणि मग ते वाक्य येतंच: ‘संगीतात जात आणू नका.’ आणायची गरजच काय, ती आधीपासून बसलेली आहे. कुणाचा आवाज सुसंस्कृत आणि कुणाचा रांगडा, कुणाची मैफल आणि कुणाचा ‘जंगी सामना’, कुणाचं गाणं भावगीत आणि कुणाचं ‘त्या लोकांचं’, ही वाटणी स्वरांनी केली का? तरीही मी सगळा दोष जातीवर टाकणार नाही. आगरी-कोळी गाण्यांची उपेक्षा झाली, मालवणी गाण्यांची झाली, खानदेशात आज निघणाऱ्या अहिराणी गाण्यांकडे पुण्या-मुंबईचे समीक्षक ढुंकून बघत नाहीत. याचं एक कारण साधं आहे: कॅसेट कंपन्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचं नाव असलं तर असलं. कुठली कॅसेट कुठल्या वर्षी निघाली, ढोलकीवर कोण होतं, याचा पत्ता नाही. सुधीर फडक्यांच्या गाण्यांच्या सूची आहेत, चाहत्यांनी जिवापाड जपलेल्या. शिंद्यांच्या गाण्यांची तशी सूची करायला बसलेला माणूस अजून मला भेटलेला नाही.

यातच माझ्या बाजूचा कच्चा दुवाही आहे. खपाचे विश्वासार्ह आकडे माझ्याकडे नाहीत, कुणाकडेच नाहीत. नकली कॅसेटींचा तर हिशेबच अशक्य. त्यामुळे ‘सिद्ध करा’ म्हणणाऱ्यापुढे मी एवढंच ठेवू शकतो, की ती गाणी आजही जिथे वाजतात तिथे जाऊन उभे राहा. 6 डिसेंबरला दादरला जा, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर जा, गणपतीत कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. तीन ठिकाणी तीन वेगळे लोक असतील, त्यांचं एकमेकांशी फारसं पटणारही नाही. आवाज मात्र एकाच घरातले ऐकू येतील. असा दुसरा कलावंत सुचवा, मी यादी बदलतो.

उरतो एक प्रश्न, आणि माझ्या मते भांडण्याजोगा तोच आहे: बाप की मुलगा? मनाने मी वडिलांच्या बाजूचा आहे. प्रल्हाद शिंदेंच्या तानेत कव्वालीची जी कमावलेली तयारी आहे, ती आनंदच्या गळ्यात त्या प्रमाणात उतरलेली नाही. आनंदकडे लय आहे, ठसका आहे, श्रोत्याला चिमटा काढायची कला आहे. पण ‘गेल्या चाळीस वर्षांतला’ अशी अट असेल, तर वडिलांचं बरंचसं थोर काम त्याआधीचं आहे, आणि ते 2004 मध्ये गेले. अट काटेकोर पाळली तर पहिला क्रमांक आनंद शिंदेंना द्यावा लागतो. पोपटासकट.